मलिक अंबर आणि युद्धातील मर्यादा

हबश देशाशी इस्लामचे नाते मदीनेहूनही जुने आहे. मक्केतील छळ असह्य झाला तेव्हा सहाबांच्या पहिल्या तुकडीने समुद्र ओलांडून आश्रय घेतला तो हबशचा न्यायी राजा नज्जाशी याच्या राज्यात. मक्का विजयाच्या दिवशी काबागृहावर चढून अजान देणारे हजरत बिलाल (रजि.) हेही हबशी वंशाचेच. त्याच भूमीतून सुमारे साडेनऊशे वर्षांनंतर एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला आला आणि अखेरीस दिल्लीच्या दोन बादशहांना त्याने पाव शतक झोप येऊ दिली नाही. इतिहास त्याला मलिक अंबर या नावाने ओळखतो.

शाळेच्या पुस्तकात मलिक अंबर दोन ओळींत येतो : गनिमी कावा आणि जमीनमहसुलाची व्यवस्था. आपल्या सभा-संमेलनांत तो अधिक सविस्तर येतो, परंतु तेथे बहुधा अभिमानाचा विषय म्हणून. गुलामाचा वजीर झाला, ही कथा सांगावी तितकी थोडीच. प्रस्तुत लेखात त्याचे चरित्र सांगताना एका प्रश्नावर मुद्दाम थांबायचे आहे. सामान्य माणसाचे जगणे ज्यांवर टांगलेले असते ते पाणी, धान्य, घरदार आणि बाजार यांच्याशी युद्धकाळात कसे वागावे, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाच्या सगळ्या बाजू या एका माणसाच्या आयुष्यातून गेल्या आहेत.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशमध्ये झाला. मूळ नाव चापू असल्याचे सांगतात. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात आला आणि तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरातून पुढे बगदादला पोहोचला. तेथील त्याचा मालक मीर कासिम याने त्याला इस्लामचे शिक्षण दिले, लिहिणे-वाचणे आणि हिशेब शिकवला, आणि अंबर हे नाव ठेवले. गुलामांना रत्नांची किंवा सुगंधी द्रव्यांची नावे देण्याची तेव्हा रीतच होती. याकूत, काफूर, अंबर ही सारी त्याच मासल्याची नावे. माणसाला मोलाच्या वस्तूचे नाव देऊन त्याचे मोल करण्याची ही पद्धत आज वाचतानाही मनाला टोचते.

१५७० नंतरच्या काही वर्षांत त्याला अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने विकत घेतले. हा चंगेजखान स्वतः एके काळी हबशी गुलाम होता. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारांत हबशी गुलामाला फौजेत शिरून वर चढण्याची वाट मोकळी होती, आणि अंबरने राज्यकारभार पाहिला तो याच माणसाच्या पदरी राहून. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. बीबी करीमा हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढची जवळजवळ वीस वर्षे तो साधा शिलेदार म्हणून जगला. काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत त्याने चाकरी केली. मलिक हा किताब त्याला तेथेच मिळाला. मग दीडशेच्या आसपास स्वार घेऊन तो पुन्हा निजामशाहीत परतला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेला, कोणतेही मोठे पद नसलेला हा हबशी सरदार इतिहासात नाव करील असे तेव्हा कोणाला वाटले असते?

१६०० साली अहमदनगरचा किल्ला अकबराच्या सैन्याने घेतला. चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली होती, सुलतान कैद झाला होता. निजामशाही संपली असेच सर्वांनी धरले. अंबरने राजघराण्यातील एका वंशजाला परांडा येथे दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि राजधानी परांड्याहून जुन्नरला, तेथून दौलताबादला हलवत राज्य पुन्हा उभे केले. या वाटचालीत सारेच काही निर्मळ नव्हते. १६१० मध्ये हाच मुर्तजा विषप्रयोगाने मेला आणि तो अंबरच्या सांगण्यावरून, असे इतिहासकार लिहितात. चरित्र लिहिताना अशी पाने वगळून पुढे जाण्याची सवय आपल्याला आहे. ती बरी नव्हे.

मोगलांची फौज मोठी होती, तोफखाना मोठा होता, छावणी म्हणजे एक चालते शहरच असे. अंबरने ओळखले की एवढ्या मोठ्या पोटाला रोज अन्न लागते. मराठा आणि हबशी स्वारांच्या हलक्या तुकड्या त्याने रसदेच्या वाटांवर सोडल्या. बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे अडवायचे, चारा जाळायचा, छावणीतून लाकूडफाट्याला बाहेर पडलेल्यांना गाठायचे आणि समोरासमोरची लढाई टाळायची. या लढाईला तेव्हा बर्गीगिरी म्हणत. शहाजीराजांच्या पिढीने ती अंबरच्या हाताखाली अंगी बाणवली आणि पुढे छत्रपती शिवाजी महाराजांनी तिला वेगळेच तेज दिले.

येथे शरियतचा विद्यार्थी पहिल्यांदा थबकतो. शत्रूच्या सैन्याची रसद तोडणे हा युद्धाचा भाग आहे, त्याबद्दल फुकहांमध्ये फारसा वाद नाही. पण तीच रसद नगराची असली तर? यमामा प्रदेशाचे सरदार सुमामा बिन उसाल (रजि.) यांचा प्रसंग या बाबतीत फार बोलका आहे. इस्लाम स्वीकारल्यावर त्यांनी मक्केला जाणारे यमामाचे धान्य बंद केले. मक्का तेव्हा उघड शत्रू होती; मुसलमानांना तिने घरांतून हाकलले होते, त्यांच्यावर चालून आली होती. मक्केत उपासमार होऊ लागली, तेव्हा कुरैशांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे नात्यागोत्याची आण घालून विनवणी केली, आणि प्रेषितांनी (स.) सुमामांना पत्र लिहून धान्य सुरू करविले. युद्ध संपलेले नव्हते, समेट झालेला नव्हता, तरीही. कारण ते धान्य केवळ लढणाऱ्यांच्या पोटात जात नव्हते. अंबरची बर्गीगिरी मुख्यतः फिरत्या छावण्यांवर चालली, म्हणून या कसोटीवर ती बरीचशी उतरते. चारा जाळताना ज्या शेतकऱ्याच्या गंजी जळाल्या असतील त्याचा हिशेब मात्र बखरींत सापडत नाही. त्या शेतकऱ्याला छावणीही लुटत होती आणि छावणीचा शत्रूही.

१६१० मध्ये दौलताबादजवळ, खाम नदीच्या काठी असलेल्या खडकी नावाच्या गावी अंबरने नवे नगर वसवायला घेतले. नावाप्रमाणेच ही जागा खडकाळ, पाण्याची वानवा असलेली. अहमदनगरला भोवतालच्या डोंगरपायथ्यांवरून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणलेले त्याने तरुणपणी पाहिले होते. ती विद्या त्याने खडकीला वापरली आणि पुढे नेली. उत्तरेकडे हर्सूलच्या बाजूला, डोंगरउतारावर जमिनीत मुरणारे पाणी भूमिगत बोगद्यात गोळा करायचे, दगडी बांधणीच्या पाटातून आणि पुढे खापरी नळांतून ते केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचे, वाटेत जागोजागी हवा जाण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी उभी तोंडे ठेवायची, आणि शेवटी ते हौदांत, मशिदींत, मोहल्ल्यांत खेळवायचे. याला नहर-ए-अंबरी म्हणतात. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. उन्हात पाणी आटत नाही आणि जमिनीखाली असल्याने सहजासहजी घाणही होत नाही. जामा मशीद आणि काळी मशीद यांची उभारणी याच काळातली. १६१२ मधला भडकल दरवाजा आजही उभा आहे. परंतु ज्याने वुजूसाठी आणि तहानेसाठी खडकातून पाणी आणले, त्याचे खरे बांधकाम जमिनीखाली आहे असे मला वाटते. पाणी पाजणे हे आपल्याकडे सदक्यांतील श्रेष्ठ सदक्यांत गणले जाते. मदीनेत पाण्याची टंचाई असताना हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमा नावाची विहीर विकत घेऊन सर्वांना खुली केली, ही गोष्ट मदरशातील लहान मुलालाही ठाऊक असते.

हे नगर दोनदा जाळले गेले.

पहिल्यांदा १६१६ मध्ये. निजामशाहीतले काही मोठे सरदार फुटून मोगलांना मिळाले होते, त्यांत सिंदखेडचे लखुजी जाधवराव होते. खानखानानचा मुलगा शाहनवाजखान याने रोशनगावजवळ अंबरचा पराभव केला आणि विजयी सेना खडकीत शिरली. सेना तेथे थांबली ती शहर पाडण्यासाठी. दुसऱ्यांदा १६२१ मध्ये. आता मोहिमेवर शाहजादा खुर्रम होता, शाहजहान हा किताब आधीच मिळालेला. निजामशहाला आणि कुटुंबकबिल्याला घेऊन अंबर दौलताबादच्या किल्ल्याकडे सरकला, आणि मोकळ्या सापडलेल्या खडकीत मोगल सैन्याने काही दिवस मुक्काम करून वाडे, घरे, बाजार यांची राखरांगोळी केली. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत या विध्वंसाची नोंद काहीशा समाधानाने केली आहे. कित्येक वर्षांच्या मेहनतीचे शहर पुन्हा उभे राहणे कठीण, असा त्या नोंदीचा रोख आहे. अंबरविषयी जहांगीरचा राग एवढा होता की अंबरच्या भाल्यावर टांगलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडत आहोत असे चित्र त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मुंडके त्याच्या हाती कधीच लागले नाही. अंबर हाती लागत नव्हता, म्हणून अंबरचे शहर जाळले गेले.

शहराचे पाणी आणि बाजार एकदम थांबले तर काय होते, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रे बुडाली, आणि चहूकडे पाणी असताना शहराच्या नळांना पाणी नव्हते. टँकरमागे धावणाऱ्या बायका, दवाखान्यांची ओढाताण, मशिदींच्या बोअरवर सर्व धर्मांच्या लोकांच्या लागलेल्या रांगा आपण पाहिल्या. ती निसर्गाची करणी होती आणि काही दिवसांत ओसरली. माणसाने जाणूनबुजून, दुसऱ्या माणसाला गुडघ्यावर आणण्यासाठी हेच केले तर त्याला कुरआनने नाव दिले आहे. सूरह बकरामध्ये अशा माणसाचे वर्णन आहे, जो तोंडाने गोड बोलतो आणि पाठ फिरताच पृथ्वीवर फसाद माजवीत, शेती आणि संतती यांचा नाश करीत फिरतो. आणि अल्लाहला फसाद प्रिय नाही असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. पीक आणि पिढी यांचा एका दमात केलेला हा उल्लेख विचार करण्याजोगा आहे. पहिले गेले की दुसरे आपोआप जाते.

खडकी अंबरने पुन्हा बांधली. आता १६२४ कडे वळू, कारण या साली त्याच्या हातून दोन गोष्टी घडल्या आणि त्या दोन्ही निरनिराळ्या मापाने मोजाव्या लागतात.

या वर्षी मोगल आणि विजापूर यांनी हातमिळवणी केली. विजापूरच्या फौजेचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी होता, मोगलांकडून लष्करखान आणि इतर सरदार होते. दोन्ही सैन्ये मिळून अंबरहून कितीतरी भारी. अंबरने माघार घेत अहमदनगरजवळच्या भातवडी गावापाशी तळ दिला. तेथे निजामशाहीच्या काळातला मोठा तलाव होता. शत्रू जवळ येताच अंबरने त्या तलावाचा बांध फोडला. पाणी शत्रूच्या वाटेवर आणि तळावर पसरले, त्यात पावसाची भर पडली, घोडे आणि तोफा चिखलात रुतल्या. रसद आधीच तुटलेली होती. उपाशी शिपाई रात्री अंबरच्या गोटात पळून येऊ लागले. अशा सैन्यावर अंबरने छापे घातले आणि शेवटी निर्णायक हल्ला केला. मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला, अनेक मोगल सरदार कैद झाले. अंबरच्या बाजूने शहाजीराजे भोसले लढत होते. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी याच लढाईत पडले.

तलावाचा बांध म्हणजे शेतकऱ्याचे वर्षभराचे पाणी. तो फोडणे योग्य होते काय?

आपल्या फुकहांनी या प्रश्नाचा बाराशे वर्षांपूर्वी कीस काढला आहे, आणि त्यांचे एकमत झालेले नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी शामच्या मोहिमेवर निघालेल्या यजीद बिन अबू सुफयान (रजि.) यांना पायी चालत निरोप देताना जी ताकीद दिली, ती इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये आहे. स्त्रिया, मुले, वृद्ध यांना मारू नये, फळझाडे तोडू नयेत, वस्तीची जागा उद्ध्वस्त करू नये, खाण्यापुरते सोडून शेळी-उंट कापू नयेत, खजुराची झाडे जाळू नयेत, असा तिचा आशय. शामचे महान फकीह इमाम औजाई (रह.) यांनी या ताकिदीला कायदा मानले आणि शत्रूच्या प्रदेशातही झाडे-वस्त्या यांचा नाश निषिद्ध ठरवला. आमच्या हनफी इमामांनी मात्र सवलत दिली. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी औजाईंच्या मताचे खंडन लिहिले आहे. त्यांचा आधार बनू नजीरचा. त्यांच्या गढीला वेढा असताना खजुराची काही झाडे तोडली गेली, आणि सूरह हश्रमध्ये त्याला अल्लाहची अनुमती असल्याचे सांगितले गेले. शत्रूचे बळ मोडण्यासाठी झाडे तोडणे, तटबंदी पाडणे, पाणी सोडणे हे हनफी ग्रंथांत जायज म्हटले आहे. हजरत अबू बक्र (रजि.) यांची ताकीद ते असे समजावतात की शाम मुसलमानांच्या हाती येणार हे त्यांना ठाऊक होते, मग उद्या आपल्याच रयतेचे होणारे शिवार आज का तोडावे?

मी हनफी परंपरेत शिकलो आहे आणि हे मत मला मदरशात शिकवले गेले. परंतु ते वाचताना पुष्कळ जण मध्येच पुस्तक मिटतात. नवव्या हिजरी शतकातील थोर हनफी फकीह इब्ने हुमाम (रह.) यांनी याच सवलतीला एक अट जोडली आहे. शत्रू त्याखेरीज नमणार नाही असे असेल तरच ही मोकळीक आहे. विध्वंस न करताही तो हाती येईल अशी दाट शक्यता असेल तर तो विध्वंस मकरूह, कारण गरज नसताना केलेला तो फसाद आहे. म्हणजे सवलत देणाऱ्या इमामांकडेही मूळ शब्द फसाद हाच राहतो. गरज तेवढी त्याला बाजूला सारते, आणि गरज संपली की तो परत येतो.

बद्रचे उदाहरण या बाबतीत मला सर्वांत जवळचे वाटते. हजरत हुबाब बिन मुंजिर (रजि.) यांच्या सल्ल्याने मुसलमानांनी शत्रूला जवळच्या विहिरीपाशी तळ दिला, मागच्या विहिरी बुजवल्या आणि आपल्यासाठी हौद भरून घेतला. हे रणांगण होते, तेथे कोणाची वस्ती नव्हती; विहिरी शत्रूच्या सैन्याला मिळू नयेत एवढाच हेतू. आणि तरीही लढाईपूर्वी कुरैशांपैकी काही जण त्या हौदावर पाणी प्यायला आले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना पिऊ द्यायला सांगितले. पुढे सिफ्फीनच्या वेळी फुरातचे पाणी एका बाजूने अडवले होते, हजरत अली (रजि.) यांच्या सैन्याने घाट जिंकून घेतला आणि मग त्यांनी त्याच विरुद्ध बाजूला पाणी भरू दिले. करबलात काय झाले ते सर्वांना माहीत आहे. चौदाशे वर्षे उम्मत ज्यांच्यासाठी रडत आली आहे, त्यांचा पहिला आठव तहानेचाच असतो.

भातवडीचा बांध या मापाने मोजला तर अंबरच्या बाजूने बोलता येते. समोर दोन राज्यांचे जमलेले सैन्य होते, बचावाचा दुसरा उपाय दिसत नव्हता, तलाव स्वतःच्याच राज्यातला होता, पाणी सोडले ते शस्त्रधारी माणसांच्या तळावर. बांध मातीचा, तो पुन्हा घालता येतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अमदानीत तो दुरुस्त होऊन शेतीला पाणी मिळूही लागले. त्या हंगामात भातवडीच्या शिवारात ज्यांची पिके वाहून गेली त्यांना भरपाई देणे हे मात्र राज्यावर कर्ज होते. गरजेपोटी जायज झालेल्या कृत्यातून दुसऱ्याचा हक्क बुडत नाही, हा फिक्हचा सर्वमान्य नियम आहे. दुष्काळात मरणाच्या दारी असलेल्या माणसाला परक्याची भाकर खाण्याची मुभा आहे, पण तिची किंमत देणे त्याच्यावर राहतेच.

भातवडीच्या विजयानंतर अंबरचे सैन्य विजापुरावर गेले. दुसरा इब्राहिम आदिलशाह किल्ल्याच्या आत होता. विजापूरच्या पश्चिमेला त्याने १५९९ मध्ये नवरसपूर नावाचे नवे नगर वसवायला घेतले होते. इब्राहिमला संगीताचा आणि विद्येचा नाद. गवई, कारागीर, व्यापारी यांना त्याने तेथे घरे बांधून राहायला बोलावले होते. नगराची तटबंदी पुरी झालेली नव्हती. अंबरच्या सैन्याने नवरसपूर लुटले आणि उद्ध्वस्त केले. ते नगर पुढे पुन्हा नांदले नाही. आज तेथे पडक्या भिंती आहेत.

ज्याचे शहर दोनदा जाळले गेले होते, त्याने दुसऱ्याचे जाळले. ज्या इब्राहिमचे राज्य त्याने लुटले, त्याच आदिलशाहीची भाकर त्याने एके काळी खाल्ली होती आणि तिनेच त्याला मलिक केले होते. आपले कोल्हापूर, पन्हाळा, मिरज हा सारा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता, तेव्हा नवरसपूरचे गवई आणि विणकर हे आपल्या पूर्वजांचे एका राज्यातले सोबती होते हेही ध्यानात ठेवावे.

येथे हनफी सवलतीचाही आधार मिळत नाही. भातवडीवर विजापूरचे सैन्य मोडले होते, सेनापती मेला होता. नवरसपूरचा कोट अपुरा, तेथे लढणारे कोणी नव्हते. ते पाडल्याने विजापूरचा किल्ला पडणार नव्हता आणि पडलाही नाही. शिवाय ही लढाई दोन मुसलमान राज्यांतली. अशा लढाईचे नियम हजरत अली (रजि.) यांनी जमलच्या दिवशी घालून दिले : पळणाऱ्याचा पाठलाग नाही, जखमीला मारणे नाही, मालमत्तेची लूट नाही. नवरसपुरात राहणारे हिंदू रहिवासीही मुसलमान राज्याच्या संरक्षणाखालचे. त्यांच्या घरादाराला हात लावण्याचा कोणताच मार्ग शरियतने ठेवलेला नाही. काही लेखक याला खडकीचा बदला म्हणून समजून घेऊ पाहतात. पण खडकी मोगलांनी जाळली होती. विजापूरच्या सुताराने किंवा गवयाने ती जाळली नव्हती, आणि एकाचे ओझे दुसऱ्याने वाहायचे नाही हे कुरआनमध्ये पुन्हा पुन्हा आले आहे.

हे लिहिले की काही जण नाराज होतात. आपल्या माणसांची संख्या आधीच थोडी, त्यांतही दोष कशाला काढायचे, असे ते म्हणतात. मला उलट वाटते. १६१६ आणि १६२१ च्या खडकीबद्दल ज्यांना दुःख होते, त्यांनी १६२४ च्या नवरसपूरबद्दलही तेवढेच दुःख केले पाहिजे. नाहीतर आपले दुःख केवळ आपल्या बाजूचे राहते. आज जगात कोठे धरण फुटते, वीजकेंद्रावर बॉम्ब पडतो, एखाद्या नगराचे पाणी तोडले जाते, तेव्हा आधी ते कोणत्या पक्षाने केले याची चौकशी होते आणि मग राग यायचा की नाही हे ठरते. जून २०२३ मध्ये युक्रेनच्या युद्धात काखोव्का धरण फुटून नीपर नदीकाठची गावे पाण्याखाली गेली, तेव्हाही तेच घडले. १९३८ साली चीनच्या सरकारने जपानी सैन्याला अडवण्यासाठी पीत नदीचे बांध स्वतःच फोडले आणि लाखो चिनी शेतकरी बुडाले वा उपासमारीने मेले. शत्रूविरुद्ध केले म्हणून ते सहज क्षम्य ठरत नाही. धरणे, पिण्याच्या पाण्याची बांधकामे, शेती यांवरील हल्ल्यांना मर्यादा घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७७ मध्ये झाला. मदीनेच्या वेशीवर यजीद बिन अबू सुफयान (रजि.) यांना दिलेली ताकीद त्याच्या साडेतेराशे वर्षे आधीची आहे. ती आपल्याजवळ आहे याचा अभिमान बाळगणे सोपे. आपल्या पक्षाला ती लावणे कठीण जाते.

भातवडीनंतर अंबर दोनच वर्षे जगला. नियतीचा खेळ असा की खडकी जाळणारा शाहजहान बापाविरुद्ध बंड करून दख्खनला आला तेव्हा त्याला आसरा अंबरकडेच मिळाला, आणि बुऱ्हाणपूरच्या वेढ्यात दोघांच्या फौजा एकत्र लढल्या. राज्यकारभाराकडे या शेवटच्या काळातही अंबरचे लक्ष होते. जमिनीची प्रत आणि पिकाचा प्रत्यक्ष अंदाज घेऊन सारा ठरवायचा, मक्तेदारांना मधून काढायचे, गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना जबाबदार धरायचे ही त्याची पद्धत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने पुढे कित्येक पिढ्या आठवणीत ठेवली. युद्धाने शेतकऱ्याचे जे नेले त्याची थोडी परतफेड या कागदपत्रांतून झाली असावी असे मानायला जागा आहे.

मे १६२६ मध्ये, वयाच्या सुमारे ऐंशीव्या वर्षी तो वारला. खुलताबादला सुफी बुजुर्गांच्या दर्ग्यांच्या परिसरात त्याची कबर आहे, जवळच बीबी करीमा हिची. मोगल दरबाराच्या इतिहासकाराने, ज्याच्या धन्याने त्याला आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या, त्याच्या मृत्यूची नोंद करताना युद्धकला आणि कारभार यांत त्याला तोड नव्हती अशी कबुली दिली. मुलगा फतेहखान याने खडकीला आपले नाव दिले, पण त्याच्या हातून राज्य टिकले नाही. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले. पुढे शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि राहायला त्याने निवडली ती खडकीच; तिचे औरंगाबाद झाले. ज्या सैन्याने ते शहर दोनदा जाळले होते त्याच सैन्याच्या छावण्या, दफ्तरे, घोड्यांचे तबेले आणि बाजार आता तेथे भरू लागले, आणि त्या सर्वांना पाणी मिळत होते ते हर्सूलच्या बाजूने जमिनीखालून येणाऱ्या अंबरच्या नहरीचे. विसाव्या शतकापर्यंत त्या शहराच्या कितीतरी मोहल्ल्यांतले हौद तिच्यावर भरत होते.